थूल सिस्टरची तीन नंबरची मासळी

मासळीला पापणी नसते. ही गोष्ट मला पासष्ट वर्षं माहीत नव्हती आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. मासळी म्हणजे बाजारातून आणायची, तिखट-मीठ लावायची आणि तव्यावर टाकायची वस्तू. तिच्या डोळ्यात डोळे घालून कोण पाहतो? पण काचेच्या पेटीतली मासळी मेली की जिवंत आहे हे डोळ्यावरून कळत नाही, कल्ल्यावरून कळतं, हे मला थूल सिस्टरनं शिकवलं. शिकवलं म्हणजे समोर बसवून अपमान केला. त्या बाईची शिकवायची दुसरी पद्धतच नव्हती.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, पुढची अक्कल थापीनं दिली. पिपरी मेघेत आज जिथं गल्लीगल्लीत चारचाकी उभ्या आहेत तिथं मी तुरीचं वावर पाहिलं आहे. आमच्या लेआउटमधली अर्धी घरं माझ्या हातची. त्या घरातले लोक आता मला 'ओ काकाजी, बाजूले व्हा' म्हणून हॉर्न वाजवतात. वाजवू द्या. त्यांच्या भिंतीला भेग कुठं पडणार हे मला माहीत आहे, त्यांना नाही.

सिस्टर माझ्या समोरच्या प्लॉटवर राहायला आल्या तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. सगळी उमर दवाखान्यात वॉर्डावर गेलेली. नवरा लवकर गेला, मुलगी नागपूरला. बाई उंचीनं इतकीशी, पण रस्त्यानं निघाली की कुत्रीसुद्धा नालीच्या पलीकडून जायची. साडीच्या डाव्या खांद्याला एक उलटं घड्याळ टाचलेलं असे. उलटं म्हणजे आपल्याला उलटं, त्यांना मान खाली केली की सुलटं. दुसऱ्याला वेळ कळू नये म्हणून हिनं घड्याळही उलटं लावलं, असं मी तेव्हा चार लोकांत बोलून हशा मिळवला होता.

दारात बाहेरच्या बाजूला बादली, मग आणि साबणाची वडी. कोणीही येवो, पहिला शब्द एकच. "हात धुतले काय?" भाजीवालीला तेच, पोस्टमनला तेच. एकदा मत मागायला एक पुढारी दहा माणसं घेऊन आला. हात जोडून उभा राहिला तर म्हणते, "जोडता कायले, अगोदर धुवा." दहाच्या दहा माणसं ओळीनं हात धुऊन परत गेली, मताचं बोलायचं विसरली.

घरात बुद्धाच्या तसबिरीखाली काचेची पेटी. लांबीला तीन हात, आत सहा मासळ्या. लोक मासळीला राजा, राणी, सोनू अशी लाडाची नावं ठेवतात. हिनं बेडचे नंबर ठेवलेले. एक नंबर, दोन नंबर. "चार नंबरनं आज खाल्लं नाई." "सहा नंबरचं शेपूट सडून राह्यलं." मी म्हणायचो, बाई रिटायर झाली पण वॉर्ड काही सुटला नाही. आणि एक रजिस्टर. लांबलचक, पुठ्ठ्याचं, लाल रेघांचं. त्यात मासळीचा नंबर, आजार, उपाय, शेवट, आणि सगळ्यात उजवीकडचा रकाना 'तडफड'. त्या रकान्यात 'नाही' लिहिता आलं पाहिजे, एवढ्यासाठी ती बाई जगत होती असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, वेडी आहे.

पेटीखालचा विटांचा ओटा मीच बांधला. आमची पहिली खडाजंगी तिथं झाली. ओटा बांधला, घोटला, पेटी ठेवली, पाणी भरलं. सिस्टर समोर गुडघ्यावर बसल्या आणि काचेला बोट लावून म्हणाल्या, "झाडेजी, इकडून पाणी वर हाय, तिकडून खाली. दोन सूत वाकडा हाय ओटा."

"तुमची फरशी वाकडी हाय," मी म्हटलं. "ओटा सरळ हाय."

"फरशीवर ओटा कोणं बांधला?"

"चाळीस वर्षं झाले मले थापी धरून, सिस्टर."

"मंग चाळीस वर्षं वाकडंच बांधून राह्यले असाल."

मी सामान उचललं आणि निघून आलो. ओटा दुरुस्त केला नाही. तिनंही दुसऱ्या गवंड्याला बोलावलं नाही. पेटीच्या एका बाजूखाली तिनं पुठ्ठ्याची घडी सारली. आल्यागेल्याला ती घडी दिसावी अशीच सारली.

जामच्या चौकात ढाबा टाकून वर आलेले एक शेठ आमच्या लेआउटमध्ये राहतात. त्यांच्या घरी मी न्हाणीघराची फरशी बसवत होतो. वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून त्यांनी दिवाणखान्यात भलीमोठी पेटी ठेवलेली, आत एकच मासळी, कपाळावर टेंगूळ असलेली. ती म्हणे लक्ष्मी आणते. लक्ष्मी आणणारी मासळी चार दिवसांपासून तळाशी पडून होती. शेठाणी कधी काळी सिस्टरच्या वॉर्डात होत्या, म्हणून सिस्टरला बोलावणं गेलं.

सिस्टरनं पेटीत पाहिलं. पाणी पिवळं. "हे काय हाय?"

"हळद टाकली थोडी," शेठाणी म्हणाल्या. "अन् केळझरच्या गणपतीचा अंगारा."

"गणपतीजवळ गेल्याच होत्या तं पाणी बदलाची बुद्धी मागाची. अंगारा कायले मागतला?" मग शेठकडे वळून, "याच्या अगोदर एक होती ना? ते कुठं हाय?"

"ते गेली."

"गेली का पाठवली?"

शेठ म्हणाले, "मरतच होती, सिस्टर. संडासात टाकून पाणी सोडून देल्लं. तरास नको म्हणून."

"कोणाले तरास नको म्हणून?"

शेठाणी मधे पडल्या, "मंग हिले फ्रिजरात ठेवू काय? थंड्यानं झोपून जाईन बिचारी."

"तुम्ही बसून पाहा अगोदर फ्रिजरात. झोप लागली तं मले सांगजा." आणि मग बाईनं जिन्याकडे बोट केलं. "वरच्या खोलीत तुमचे वडील खाटेवर हायेत ना, शेठ? त्याईले कोणत्या रस्त्यानं पाठवता?"

आत न्हाणीघरात मला हसू आवरेना. तोंडावर हात ठेवला तरी आवाज गेलाच. बाई दारात आली. "तुम्ही काय दात काढून राह्यले, झाडेजी? फरशीचा ढाळ दरवाज्याकडे देल्ला. पाणी काय दिवाणखान्यात न्याचं हाय?"

ढाळ खरंच उलटा होता. मी म्हटलं, तसाच द्यायला सांगितला आहे.

ती मासळी सिस्टरनं पेटीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीतून घरी नेली. आठ दिवस तिची चाकरी केली. रोज थोडं पाणी बदल, खडे मीठ मोजून टाक. मासळी बरी झाली आणि परत गेली. शेठनं ती कोणाला तरी देऊन टाकली, कारण आजारी पडलेली मासळी वास्तूला चालत नाही. असे हे लोक.

बऱ्या होणाऱ्या मासळीसाठी बाई एवढं करायची. न होणाऱ्या मासळीसाठी तिच्याजवळ लवंगेचं तेल होतं, दाढेला लावतो तेच. "अगोदर झोप, मंग मरण," म्हणायची. "तडफडून मेली तं आपण कायले होतो तिथं?" गावभर लोक हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी.

आता विहिरीचं सांगतो. सांगायची इच्छा नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लेआउट पडायच्या आधीच्या वावरातली विहीर आमच्या सार्वजनिक बगिच्यात ठेवलेली आहे. तिची जगत, म्हणजे भोवतीचा कठडा, मीच बांधली, वर लोखंडी जाळी, मधे झाकण. एका वर्षी गाळ काढला तेव्हा लोकांनी आठ-दहा रोहू सोडल्या. त्या हातभर झाल्या. सिस्टर त्या विहिरीला 'जनरल वॉर्ड' म्हणायच्या आणि रोज सकाळी डोकावून जायच्या.

माझ्या सुनेनं हौसेनं छोटी पेटी घेतली. महिनाभरात त्यातल्या लाल मासळीच्या अंगावर रव्याच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आले. मुलगा म्हणाला, "बाबा, सिस्टरले दाखवून आणा ना." मी म्हटलं, "मासळीसाठी त्या बाईच्या दारात हात धुवाले मी जाणार नाई."

आमच्याकडे जे फेकता येत नाही ते पाण्यात थंडं करतात. जुना देव, फाटकी पोथी, वाळलेले हार, फुटलेली तसबीर. पाण्यात सोडलं की दोष नाही, हे मी आईच्या मांडीवर शिकलो. मासळी तर पाण्याचीच. भर दुपारी, कोणी नाही असं पाहून, लोट्यातून ती नेली, झाकण उघडलं, हात जोडले आणि सोडली. खाली गेली, दिसेनाशी झाली. मोठं पुण्य केल्यासारखं घरी येऊन जेवलो.

दहा-बारा दिवसांनी विहिरीत रोहू वर आल्या. आडव्या, तोंड उघडं, अंगावर तेच रव्याचे दाणे. लोक जमले. कोणी म्हणे विहिरीत औषध टाकलं, कोणी म्हणे ऊन. सिस्टर आल्या, आत पाहिलं. घरून दोन बादल्या आणि लांब दांड्याची जाळी आणली. दुपारभर त्या जगतीवर बसून होत्या. ज्या मासळीत काही राहिलं नव्हतं तिला वर काढायची, तेलाच्या बादलीत हळूच सोडायची, घड्याळ पाहायचं, दुसरी काढायची. लोक कंटाळून घरी गेले, चहा पिऊन परत आले, बाई तिथंच.

सगळं झाल्यावर उठल्या आणि विचारलं, "बाहेरची मासळी विहिरीत कोणं टाकली?"

मला गप्प राहवेना. मी म्हटलं, "पोट्ट्याईनं टाकली असल. आजकालचे पोट्टे काय आयकतेत?"

"पोट्ट्याईचा हात झाकणापर्यंत पोचत नाई, झाडेजी."

जगतीची उंची मला माहीत होती. मीच बांधली होती. पण मी म्हटलं, "मंग मले काय माहीत?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला शिव्यांची उत्तरं येतात. तिनं बादलीतलं चांगलं पाणी मगानं पुढं केलं आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या."

त्यानंतर तीन वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नाही. सुनेची पेटी मी माळ्यावर टाकली. समोरासमोर घरं, ती दारात आली की मी आत. लोकांना सांगायचो, बाईला गर्व आहे.

या उन्हाळ्याच्या आधी एका सकाळी तिनं रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारली. "झाडेजी, इकडे या."

तीन वर्षांनी हाक, आणि तीही अशी. मी म्हटलं, "काऊन?"

"काम हाय."

"ओटा नवा बांधाचा हाय काय?"

"ओटा राहू द्या वाकडा. या."

गेलो. दारात हात धुतले, तिनं विचारायच्या आधीच. आत पाहिलं तर बाई खुर्चीत. दोन्ही हात मांडीवर दाबून धरलेले, आणि दाबलेले असूनही थरथरत होते. वर्षभरापासून तिला कंप होता म्हणे. समोर राहून मला माहीत नव्हतं. पेटीत आता एकच मासळी, तीन नंबर. मी ओटा बांधला तेव्हापासूनची. मूठभर सोनेरी मासळी सीताफळावाणी झाली होती. पोट फुगलेलं, एकेक खवला उभा राहिलेला. कोपऱ्यात तिरपी होऊन कल्ला मारत होती.

"तीन हप्ते करून पाह्यलं," सिस्टर म्हणाल्या. "मीठ झालं, पाणी झालं. आता काही नाई राह्यलं तिच्यात. आज केलं नाई तं उद्या तडफडून जाईन. अन् माह्या हातून थेंब पडत नाई. काल शिशी पडली हातातून."

"पोरीले बोलवा ना नागपूरवरून."

"पोरगी रडते. मले रडणारा नको."

"मंग माहा हात हलका हाय म्हणून बोलावलं काय?"

"तुमचा हात दगड हाय. पण कापत नाई."

मी आयुष्यात मासळीला हात लावला तो साफ करायला. ती सांगत गेली, मी करत गेलो. पेटीतलंच पाणी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काढलं. मासळीला जाळीनं नाही, वाडग्यानं उचललं, पाण्यासकट, म्हणजे तिला हवा लागू नये. बाटलीत कोमट पाणी घेऊन तेलाचे थेंब टाकले आणि दुधासारखं होईपर्यंत हलवलं. खोलीभर दाढदुखीचा वास.

"आता हळू. धार नाई, थेंबाथेंबानं. मी घड्याळ पाहतो, तुम्ही कल्ला पाहा. डोळ्याकडे पाहू नका, तिले पापणी नसते, ते तुमच्याकडे पाहतच राहीन."

बाई मान खाली घालून घड्याळ पाहू लागली. मी ओतायला लागलो. थेंबाथेंबानं किती वेळ ओतायचं? माझा हात सिमेंटच्या कामाचा. एकदा सुरू झालं की संपवायची सवय. बाटली जरा जास्त कलली. मासळीनं एकदम अंग वाकडं केलं, शेपूट गंजाच्या काठाला लागलं, पाणी माझ्या मनगटावर उडालं. मी हात रोखला. मग ती सैल झाली. हळूहळू आडवी झाली. कल्ला हलायचा, थांबायचा, परत हलायचा. मी उरलेलं ओतलं, या खेपेस जीव मुठीत धरून. कल्ला थांबला.

"थांबला," मी म्हटलं.

"आता दहा मिनिटं काही कराचं नाई."

दहा मिनिटं आम्ही दोघं एका गंजाभोवती बसलो. मासळी माझ्याकडे पाहत होती, म्हणजे पाहत नव्हती.

मग तिनं विचारलं, "तडफडली काय?"

तिनं पाहिलं नव्हतं. घड्याळाकडेच नजर होती, हे मी पाहिलं होतं. 'नाई' म्हणालो असतो तर संपलं असतं. बाईनं तेच ऐकायला तीन हप्ते काढले होते. अन् मला 'नाई' म्हणायची सवय जन्माची.

मी म्हटलं, "एक झटका देल्ला, सिस्टर. मी जल्दी ओतलं."

"एकच?"

"एकच."

तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं. मग रजिस्टरकडे मान केली. "लिहा."

"मी? मले सहीच्या वर लिहता येत नाई."

"तिसरीपर्यंत काय गोट्या खेळले? लिहा."

लिहिलं. पेन थापीसारखा धरून. तीन नंबर. तडफडच्या रकान्यात 'एक झटका, तेल जल्दी ओतलं'. अक्षरं रेघेच्या बाहेर गेली. तिनं वाचलं आणि म्हणाली, "कोणं ओतलं ते नाई लिहलं." मी खाली 'झाडे' लिहिलं.

"आता मागं पलटवा. विहिरीचं पान."

पलटवलं. आठ रोहू, एकीखाली एक, तिच्या बारीक सुरेख अक्षरात. आजार, उपाय, शेवट, तडफड, सगळं भरलेलं. पानाच्या तळाशी एक ओळ, 'बाहेरची मासळी कोणी टाकली', आणि पुढं मोकळी जागा. तीन वर्षं मोकळी. नाव तिला माहीत होतं, लिहिलं नव्हतं.

पेन माझ्या हातात होताच. मी त्या जागेत नाव लिहिलं, सहीसारखं नाही, शाळेत लिहायचो तसं सुटं सुटं.

"हात धुवा," सिस्टर म्हणाल्या.

तीन नंबरला मी कढीपत्त्याच्या झाडाखाली हातभर खोल पुरलं. विहिरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी मुलगी गाडी घेऊन आली आणि सिस्टरला नागपूरला घेऊन गेली. पुढं पावसाळा संपता संपता तिथंच गेल्या, असा निरोप आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीच्या मागच्या सीटवर बसलेलं. मांडीवर रजिस्टर, आणि त्याच्याखाली सारलेले दोन्ही हात, कोणाला दिसू नयेत म्हणून. खांद्यावर घड्याळ. लेआउटमधल्या बाया रडत होत्या आणि ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जशी भेटीच्या वेळेनंतर थांबलेल्या नातेवाइकांकडे पाहत असेल.

मी गाडीजवळ गेलो. हात धुऊनच गेलो होतो. तिनं मुलीला काच खाली करायला लावली.

"झाडेजी, पेटी देऊन टाकली. ओटा तेवढा राह्यला."

"हो, सिस्टर. वाकडा हाय तो."

"किती?"

"दोन सूत."

"कर काच वर," सिस्टर मुलीला म्हणाल्या.